सँड्राच्या आवाजातला होकार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सँड्रा तुस्कानो फळ्याच्या डाव्या अंगाला उभी होती आणि तिचे हात चालू होते. उजव्या अंगाला कल्पेश सर वर्गाकडे पाठ करून एका पाइपचा आडवा छेद काढत होते.

"हा असा कापला, की आतून असा दिसतो," सर फळ्याला सांगत होते.

सँड्राचे हात थांबले. "सर, 'असा' म्हणजे कसा?"

"अहो मॅडम, दिसतंय की."

"विद्यार्थी फळ्याकडे बघत असले तर माझ्याकडे बघू शकत नाहीत. माझ्याकडे बघत असले तर फळा दिसत नाही. तुम्ही आधी काढा, मग वळा, मग बोला."

"मागच्या जन्मी तुम्ही ट्रॅफिक हवालदार होता," सर खडू खाली ठेवत म्हणाले.

सँड्राने तेही हातांनी सांगितलं. वर्गात जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, तिला उद्देशून असलेला टोमणासुद्धा. क्षणभराने वर्ग हसला. इथे विनोद उशिरा पोचतो, पण पोचतो.

वसई पूर्वेला एका ट्रस्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरतो. बारावीनंतरच्या कर्णबधिर मुलामुलींसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे: संगणकावर यंत्रभागांची ड्रॉइंग्ज काढणं. शेजारच्या वालीवच्या कारखान्यांत कर्णबधिर कामगार खुशीने घेतात. मशीनच्या आवाजाचा यांना त्रास नाही, असं मालक हसत सांगतात आणि त्यांना पॅकिंगला बसवतात. बारावी झालेला असो की चौथी, बसवतात पॅकिंगलाच. ते पॅकिंगच्या बाकावरून उठून ड्रॉइंगच्या टेबलाशी जावेत, एवढ्यासाठी हा अभ्यासक्रम काढला. सँड्रा तिथली दुभाषी. शिक्षक मराठीत बोलतात, ती भारतीय सांकेतिक भाषेत सांगते. मुलं खुणांनी बोलतात, ती मराठीत बोलते. अशी दुभाषी केंद्रात एकच आहे.

खिडकीजवळच्या खुर्चीवरून एक हात वर आला. रचना भोईर. तिने खूण केली: पुन्हा सांगा.

"पुन्हा सांगा," सँड्रा मोठ्याने म्हणाली.

सरांनी पुन्हा सांगितलं. ही खूण मुलांच्या अंगवळणी पाडायला सँड्राला वर्षभर लागलं होतं. बहुतेक जण लहानपणी बोलक्या पद्धतीच्या शाळांतून शिकले होते. तिथे बाईंच्या ओठांकडे बघायचं आणि 'समजलं का?' असे ओठ हलले की मान डोलवायची. मान डोलवली की बाई पुढे जात. नाही म्हटलं की बाई तेच वाक्य तशाच ओठांनी पुन्हा म्हणत आणि सगळा वर्ग खोळंबून आपल्याकडे बघत राही. मुलं जे शिकायचं ते शिकली. सँड्राला ती मान लांबून ओळखू येते. वाक्य संपण्याआधीच हलते, एका लयीत हलते, आणि सोबत हसू असतं.

त्या दिवशी गुरुवार होता. साडेअकराला वालीवच्या एका कंपनीचा माणूस मुलाखती घ्यायला येणार होता. कंपनी प्लास्टिकच्या झाकणांचे साचे बनवते. ड्रॉइंग विभागात एक जागा होती आणि त्या जागेसाठी कल्पेश सरांनी एकच नाव दिलं होतं. रचनाचं.

रचनाचं गाव खाडीकाठचं, घर भातशेतीवाल्यांचं. आता शेती थोडी उरली आहे. वडील, हरेश्वर, टेम्पो चालवतात. मुलीने दोन वर्षं शिकायला जावं यासाठी आई रंभाने घरात बरीच वादावादी केली होती. शेवटी हरेश्वरने एक अट घातली. टेबलावरचं काम मिळणार असेल तर शिकू दे. नाहीतर गावातल्या पोरी सकाळच्या बसने पॅकिंगला जातातच की, त्याला शिकायला कशाला हवं? ही अट रचनाला ठाऊक होती. सँड्रालाही.

सँड्राचं घर नंदाखालला. वडील फ्रान्सिस आणि आई रिटा दोघंही जन्मापासून कर्णबधिर. केळीच्या वाडीत काम करणाऱ्या बापाला हाक मारायची म्हणजे जमिनीवर पाय आपटायचा किंवा ढेकूळ भिरकवायचं, हे तिला चालता येऊ लागलं तेव्हापासून माहीत. शाळेत तिला 'मुक्याची पोर' म्हणत, आणि ती पोर वर्गात सगळ्यांत जास्त बोले. डॉक्टर, बँक, विजेचं ऑफिस, सगळीकडे आईबापाच्या मधे ती उभी. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ती प्रवचन हातांनी सांगायची. एकदा अर्ध्या तासाचं प्रवचन तिने तीन वाक्यांत उरकलं: दारू पिऊ नका, भांडू नका, रविवारी सण आहे.

"एवढंच?" फ्रान्सिसने विचारलं. "फादर तर घामाघूम झाले."

"एवढंच," सँड्राने सांगितलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

पुढे मुंबईत तिने दुभाषीपणाचं रीतसर शिक्षण घेतलं. तिथे पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की गाळायचं नाही, घालायचं नाही, आणि समोरच्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. तो 'मी' म्हणाला तर तुम्हीही 'मी' म्हणायचं. सँड्राला हे पटलं. पण लहानपणची सवय हाडात होती, ती मागच्या वर्षी बाहेर आली.

आचोळ्याच्या दीपेशची मुलाखत होती. समोरच्याने विचारलं, "याला राग वगैरे फार येतो का?" आणि सँड्रा बोलून गेली, "छे हो, अगदी शांत मुलगा आहे." दीपेशने आपले हात हललेले नसताना तिचे ओठ हललेले पाहिले. बाहेर आल्यावर तो सरळ केंद्रप्रमुख रीमा मॅडमच्या खोलीत गेला. त्याची तक्रार सँड्रानेच मॅडमना बोलून दाखवली, कारण दुसरं कोणी नव्हतं. "प्रश्न मला होता. उत्तर हिने दिलं. मग मला कशाला बोलावलं होतं?"

रीमा मॅडमनी सँड्राकडे पाहिलं.

"बरोबर आहे त्याचं," सँड्रा म्हणाली, आणि हे वाक्य तेवढं तिचं स्वतःचं होतं.

तेव्हापासून नियम पक्का झाला. मुलाखतीत दुभाषी म्हणजे फक्त आवाज. तिला प्रश्न पुन्हा सांगता येईल, उमेदवाराने म्हटलं तर खुलासा मागता येईल. बाकी काही नाही.

साडेअकराला कंपनीचे मॅनेजर फेबियन डिमेलो आले. पन्नाशीचे, हसतमुख, हातात दोन मोबाइल. समोर रचना, तिच्या मागे भिंतीलगत हरेश्वर आणि रंभा, आणि फेबियन सरांच्या खांद्याशी सँड्रा, म्हणजे रचनाला दोघं एकदम दिसावीत.

"तुम्ही नंदाखालच्या ना? तुस्कानो? माझी मावशी तिथेच दिली आहे," ते सँड्राला म्हणाले.

सँड्राने तेही रचनाला सांगितलं. रचना हसली.

"बरं, हिला विचारा, ही ड्रॉइंग्ज हिनेच काढली का?"

"सर, तुम्ही त्यांनाच विचारा. त्यांच्याकडे बघून. मी आहेच."

"हो, हो." ते रचनाकडे वळले आणि उगाचच मोठ्याने म्हणाले, "ही तू काढलीस?"

रचनाचे हात चालले. सँड्रा बोलली, "हो, मी काढली. बाजूंना थोडा उतार ठेवलाय. नाहीतर झाकण साच्यात अडकून बसतं."

फेबियन सरांनी सँड्राकडे पाहिलं. "तुम्ही काढली?"

"नाही सर. मी म्हणजे त्या."

"अच्छा! कमाल आहे. म्हणजे तुम्ही ती आहात आता." ते मनापासून हसले. मग ड्रॉइंगवर बोट फिरवत राहिले. "उतार बरोबर आहे. चांगलं आहे हे. व्हेरी गुड."

रंभाने नवऱ्याला कोपर लावलं. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग एक मोबाइल वाजला. फेबियन सर फोनवर हिंदीत कोणाला तरी 'निकल रहा हूं' म्हणाले आणि घड्याळ बघत उठता उठता बोलू लागले. "काय आहे, ड्रॉइंगमध्ये आमच्याकडे कस्टमरचे बदल फोनवर येतात, एकदम अर्जंट, आणि डिझायनरनेच फोन घ्यायचा असतो. ते हिला कसं जमणार? म्हणून मी म्हणतो, सध्या पॅकिंगला जॉइन होऊ दे, सोमवारपासून. माणसं ओळखीची होतील. सहा महिन्यांनी बघू ड्रॉइंगचं. चालेल ना?"

सँड्राचे हात वाक्याच्या मागोमाग धावत होते. ती 'फोन'पाशी पोचली तेव्हा रचनाची नजर तिच्यावरून ढळली. रचनाने उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या घड्याळाकडे पाहिलं, मागे वळून वडिलांकडे पाहिलं. साहेब उठले म्हणून तेही हात जोडून उठले होते. ती परत वळली तेव्हा सँड्रा 'चालेल का?' विचारत होती. रचनाने मान हलवली. एका लयीत, हसत.

"गुड!" फेबियन सर म्हणाले.

"सर, एक मिनिट. मी प्रश्न पुन्हा एकदा सांगते."

"सांगा, सांगा." ते लॅपटॉप पिशवीत घालू लागले.

सँड्राने पुन्हा सांगितलं. सावकाश, एकही गोष्ट न गाळता. फोन, पॅकिंग, सोमवार, सहा महिने, बघू. या वेळी रचनाची नजर हलली नाही. सँड्राला तिच्या चेहऱ्यावर प्रत्येक शब्द पोचलेला दिसला. 'पॅकिंग' पोचला तेव्हा हसू गेलं. खोलीत सगळे तिची वाट बघत होते. पिशवीची चेन ओढल्यावर हात दाराच्या कडीवर ठेवून फेबियन सर थांबले होते. हरेश्वर अजून हात जोडून उभा होता.

सँड्राने डोळ्यांनी वाट पाहिली. तेवढंच तिला करता येत होतं. 'पुन्हा सांगा' ही खूण नको होती आता. 'नाही' पुरलं असतं. 'फोनऐवजी मेसेज चालणार नाही का?' एवढं एक वाक्य पुरलं असतं, ते सँड्राच्या जिभेवर तयार होतं आणि बोलायची बंदी होती.

रचनाचे हात वर आले. नीट, स्पष्ट. हो. चालेल.

कोणी खुणांनी काही म्हटलं की ते बोलायचं, हे सँड्राचं काम. तिने तोंड उघडलं आणि स्वतःच्या आवाजात, रचनाच्या वतीने, म्हणाली, "हो. मला चालेल."

"एक्सलंट," फेबियन सर म्हणाले आणि गेले.

रंभा पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने पिशवीतून वालाच्या शेंगांची जुडी काढून सँड्राच्या हातात कोंबली. "बाय, तुझे उपकार. किती चांगली बोललीस तू तिच्यासाठी. कंपनीची बस येनार, आनि काय पायजे?"

"आई, ते पॅकिंगचं काम आहे," सँड्रा म्हणाली. मुलाखत संपली होती, आता तिला बोलता येत होतं.

"कललं मला. पन कंपनीत हाय ना? ते साहेब नंतर बघनार बोलले."

हरेश्वरने रचनाच्या ड्रॉइंग्जची गुंडाळी उचलली, तिला रबर लावलं आणि काखेत घेतली.

जिन्यात कल्पेश सरांनी सँड्राला गाठलं. पॅकिंगचं त्यांना रंभाकडून कळलं होतं. "तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता का? दोन वर्षं मी त्या पोरीच्या ड्रॉइंगवर लाल पेन उचललेला नाही!"

"प्रश्न तिला होता, सर."

"अहो, पण दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग?"

"मी तिला विचारलं दोनदा. ती दोन्ही वेळा हो म्हणाली. तिसऱ्यांदा काय विचारू? हो का म्हणतेस, असं? ते विचारणारी मी कोण?"

"शाब्बास! तुमचा नियम फ्रेम करून लावा भिंतीवर," सर म्हणाले आणि चष्मा पुसत वर गेले.

रीमा मॅडमनी दुपारी फेबियन सरांना फोन केला. स्पीकर चालू होता. त्यांनी सगळं सांगितलं: मुलगी ड्रॉइंगसाठीच शिकली आहे, बदल मेसेजवर घेता येतील, केंद्र महिनाभर दुभाषी पाठवेल. फेबियन सरांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"मॅडम, मला कळतंय तुमचं. पण मी तिला विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. ती हो म्हणाली. आता तुम्ही तिच्या वतीने नाही म्हणताय. तुमच्याच माहितीपत्रकात लिहिलंय ना, मुलांचे निर्णय मुलांना घेऊ द्या?"

रीमा मॅडमनी सँड्राकडे पाहिलं. सँड्रा खिडकीबाहेर बघत होती.

"आणि ती जागा मी आता दुसरीकडे कळवलीय," फेबियन सर म्हणाले. "सहा महिन्यांनी नक्की बघू."

रचना अजून गेली नव्हती. आईवडिलांना पुढे पाठवून ती वर्गात आपल्या संगणकावरच्या फाइली आवरत होती. सँड्राने दिव्याचं बटण दोनदा दाबून तिला हाक मारली. ट्यूब लुकलुकली, रचना वळली. पुढचं सगळं बोलणं हातांनी झालं.

"पहिल्यांदा समजलं नव्हतं ना?" सँड्राने विचारलं.

"नव्हतं."

"मग पुन्हा सांगा म्हणायचंस."

"तू सांगितलंस की पुन्हा. तेव्हा समजलं."

"तरी हो म्हणालीस."

रचनाने माउस सरळ ठेवला. "ते उठले होते. बाबा उठले होते. सगळे उठले होते. उठलेल्या माणसांना परत खाली बसवायचं?"

"हो."

"तुला ऐकू येतं," रचना म्हणाली. "तुझ्या एका शब्दाने माणसं बसतात. मला आधी हात हलवावे लागतात, मग त्यांनी तुझ्याकडे बघावं लागतं, मग तू बोलणार, मग ते बसणार. तोवर ते गेलेले असतात."

रचनानेच पुढे विचारलं, "तू का नाही बोललीस?"

"नियम आहे. दीपेशच्या वेळेपासून."

"दीपेशला राग आला होता." रचनाने संगणक बंद केला. पडदा काळा झाला. "मला आला नसता."

त्या संध्याकाळी नंदाखालला परतताना सँड्राला आगाशीकडचा रस्ता कधी संपला ते कळलं नाही. घरी फ्रान्सिस ओट्यावर केळीची पानं बांधत होता. तिने पाय आपटला, त्याने मान वर केली. तिने सगळं सांगितलं. बापाने शेवटपर्यंत बघितलं आणि मग दोरी बाजूला ठेवून म्हणाला, "माझ्या लग्नात फादर काय विचारत होते ते मला समजलंच नाही. सगळं चर्च थांबलेलं. मी मान हलवली. तुझी आई म्हणते, त्यांनी 'अंगठी आणलीस का?' एवढंच विचारलं होतं."

तो हसू लागला. आतून रिटाने दारात येऊन विचारलं, काय हसताय? फ्रान्सिसने सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. हा किस्सा ती चाळीस वर्षं बघत आली होती.

सँड्राही हसली. मग बापाला विचारलं, "समज, मी तिथे असते आणि तुझ्या वतीने थांबा म्हटलं असतं, तर?"

फ्रान्सिसने विचार केला. "लहानपणी तू खूप वेळा म्हणायचीस. बरं वाटायचं." मग त्याने पुढे खूण केली, "नंतर बँकेतला माणूस माझ्याकडे बघायचाच बंद झाला. तुझ्याशीच बोलायचा." आणि तो पुन्हा पानं बांधू लागला.

सोमवारी रचना कामावर रुजू झाली. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

"कसं आहे?"

"झाकणं. लाल. दिवसभर लाल." तिने डोळे चोळून दाखवले. "ड्रॉइंगची खोली वर आहे. काच आहे तिला, खालून दिसते. एक मुलगा बसतो. सारखा फोनवर असतो."

"सुपरवायझर कसा आहे?"

"बोलतो. खूप बोलतो. मास्क लावून."

"मग तू काय करतेस?"

रचनाने करून दाखवलं. मान हलवली, एका लयीत, हसत. थट्टेने केलं होतं, पण हुबेहूब.

"लिहून द्या म्हण. पुन्हा सांगा म्हण," सँड्रा म्हणाली. "मी येऊन बोलू त्याच्याशी?"

"पॅकिंगला बाहेरचं माणूस आत सोडत नाहीत. गेटवर विचारलं मी. तुझा फोटो दाखवून." रचनाने खांद्यावरून मागे पाहिलं, रंभा तिच्या पाठीवर थोपटत होती. आईने हाताने घास तोंडाशी नेल्याची खूण केली, मग दोन्ही तळवे गालाखाली धरून झोपेची. या घरातल्या खुणा एवढ्याच आहेत: जेव, झोप, ये, जा, नको. "जेवायला बोलावते आहे. सकाळी लवकर उठायचंय."

कॉल बंद झाला. सँड्राने उद्याचं वेळापत्रक उघडलं. पहिला तास नव्या धड्याचा होता; त्यावर कल्पेश सरांचा मेसेज येऊन पडला होता. आज वर्ग संपताना मागच्या बाकावरच्या केनीने पाइपच्या छेदावर 'पुन्हा सांगा' म्हटलं होतं, म्हणून नवा धडा पुढे ढकलला आहे. सँड्राने 'ठीक' असं कळवलं आणि मनगटाला मलम चोळलं.

उद्या मंगळवार. कंपनीची बस रचनाच्या गावच्या फाट्यावर सकाळी सहा वीसला येते, पॅकिंगची पहिली शिफ्ट सातला सुरू होते. केंद्रात नऊ वाजून दहा मिनिटांनी कल्पेश सर पुन्हा तोच पाइप कापतील.